शाळेचं वय उलटून गेलेल्यांसाठी सयाजीरावांनी गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या होत्या

सयाजीराव गायकवाड म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं?

बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस आठवतो. बँक ऑफ बडोदा आठवते. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण देणारे महाराज आठवतात. बाबासाहेब आंबेडकरांना शिकायला अमेरिकेला पाठवणारे महाराज तर हमखास आठवतात.

पण या यादीतून त्यांचं एक काम नेहमी सुटतं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं केलं होतं. राजधानीत एक मोठं मध्यवर्ती ग्रंथालय, शहरांत आणि खेड्यांत वाचनालयं, जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी चक्क फुकट सिनेमा.

हे सगळं मुख्यतः मोठ्या माणसांसाठी होतं. म्हणजे ज्यांचं शाळेत जायचं वय निघून गेलं होतं त्यांच्यासाठी.

आता प्रश्न असा पडतो की, एका राजाला या लोकांची एवढी काळजी का वाटावी? त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा. गाव कवळाणे, नाशिक जिल्ह्यातलं. वडील काशीराव गायकवाड. बडोद्याच्या राजघराण्याशी नातं होतं, पण लांबचं. घर शेतकऱ्याचं. पोराचं नाव गोपाळ. शाळा अशी काही झालेली नव्हती, अक्षरओळख असली तर जेमतेम.

तिकडे बडोद्यात मात्र वेगळंच राजकारण चालू होतं. गादीवर होते मल्हारराव गायकवाड. गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रजांनी १८७५ च्या एप्रिलमध्ये त्यांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि मुलाचा शोध सुरू झाला. शोध घेता घेता माणसं कवळाण्यात पोहोचली.

इथली एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. बडोद्याला आणलेल्या मुलांना विचारलं गेलं की तुम्ही इथे कशासाठी आलात. बाकीच्यांनी काहीबाही उत्तरं दिली, गोपाळने मात्र राज्य करायला आलोय असं सांगून टाकलं. हे खरंच असं घडलं की मागाहून रंगवलं गेलं, ते सोडून देऊ. २७ मे १८७५ रोजी गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, एवढं नक्की. वय होतं १२.

बाराव्या वर्षी मुळाक्षरं

राजा तर मिळाला, पण त्याला शिकवायचं कुणी? कारभार बघायला दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. अभ्यासाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्यावर आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. सोबत गणित, इतिहास, भूगोल, घोडेस्वारी आणि कसरत.

ज्या वयात बाकीची मुलं बऱ्यापैकी वाचायला लागलेली असतात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरांपासून सुरुवात करत होता. डिसेंबर १८८१ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे सहा-साडेसहा वर्षांत शेतकऱ्याच्या पोरापासून संस्थानाच्या राज्यकर्त्यापर्यंतचा प्रवास झाला होता आणि तो झाला होता शिक्षणाच्या जोरावर.

सयाजीरावांच्या पुढच्या सगळ्या धोरणांकडे बघताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शिक्षण उशिरा सुरू झालं तरी माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं उदाहरण ते स्वतः होते. आणि शिक्षण मिळालंच नसतं तर आपण कुठे असतो, हेही त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सक्तीचं शिक्षण आणि त्यातली फट

अधिकार हातात आल्यावर महाराजांनी कामाचा धडाका लावला. अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं, जिथे कारागिरी आणि तंत्रशिक्षण मिळायचं. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

मग आलं सक्तीचं शिक्षण. १८९३ मध्ये अमरेली भागात आधी प्रयोग केला. तो जमतोय असं दिसल्यावर १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलामुलींना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात असा कायदा नव्हता, त्यामुळे या निर्णयाची देशभर चर्चा झाली.

पण या कायद्यात एक फट होती. सक्ती होती ती लहान मुलांवर, तीही मोजक्या वर्षांसाठी. मुलगा चौथीपर्यंत शिकला, शाळा सुटली आणि शेतात गेला. घरात एक पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरं तो विसरून जाणार. म्हणजे शाळेवर केलेला सगळा खर्च पाण्यात.

आणि ज्यांचं वय १९०६ मध्येच वीस, तीस, चाळीस होतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी तर कायद्यात काहीच नव्हतं. १९११ च्या सुमाराला बडोदा संस्थानाची लोकसंख्या होती जवळपास २० लाख आणि त्यात लिहिता-वाचता येणारा माणूस दहात साधारण एक. फक्त पोरांना शाळेत घालून हे चित्र बदलायचं म्हटलं तर दोन पिढ्या वाट बघावी लागली असती.

ही फट बुजवायचा उपाय महाराजांना सापडला अमेरिकेत.

अमेरिकेतून आणलेला माणूस

सयाजीरावांचे परदेश दौरे हा इंग्रजांच्या डोक्याला मोठा ताप होता. १८८७ मध्ये ते तब्येतीच्या कारणाने पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे जातच राहिले. संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना लगाम घालायला लॉर्ड कर्झनने १९०० मध्ये परिपत्रकच काढलं होतं. महाराज तरीही जायचे. जिथे जातील तिथे शाळा, कारखाने, संग्रहालयं बघायची आणि आवडलेलं घरी घेऊन यायचं, ही त्यांची पद्धत.

१९०६ आणि १९१० मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांचं लक्ष वेधून घेतलं. मजूर, दुकानदार, बायका, कुणीही आत येतं, पैसे न भरता पुस्तक घरी नेतं. आपल्याकडेही तेव्हा वाचनालयं होतीच की. पुणे, ठाणे, रत्नागिरी अशा ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून ती उभी केली होती आणि चांगली चालवली होती. पण ती मुख्यतः वर्गणी भरू शकणाऱ्या, आधीच शिकलेल्या लोकांच्या उपयोगाची होती. ज्याला पुस्तकाची सवयच नाही, त्याच्यापर्यंत आपण होऊन जाणारं ग्रंथालय ही कल्पना नवी होती.

महाराज नुसती कल्पना घेऊन आले नाहीत, माणूसही घेऊन आले. त्याचं नाव विल्यम ॲलन्सन बॉर्डन. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये ग्रंथपाल असलेला हा गृहस्थ १९१० मध्ये बडोद्यात दाखल झाला आणि संस्थानाच्या ग्रंथालय खात्याचा प्रमुख झाला.

बॉर्डन बडोद्यात राहिला जेमतेम तीन वर्षं. पण तेवढ्यात त्याने पाया घालून दिला. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी पुस्तकं कुठून आली? महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रहच लोकांसाठी देऊन टाकला. पुस्तकं लावायची स्वतंत्र वर्गीकरण पद्धत बॉर्डनने बनवली. १९११ मध्ये ग्रंथपाल तयार करण्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले वर्ग मानले जातात. १९१२ मध्ये लायब्ररी मिसलेनी नावाचं नियतकालिक निघालं, ज्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर असायचा.

मध्यवर्ती ग्रंथालयात यायला फी नव्हती. लहान मुलांसाठी वेगळी खोली होती आणि बायकांसाठी वेगळं महिला ग्रंथालय होतं. त्या काळात पुरुषांनी भरलेल्या वाचनालयात बाईमाणूस एकटं जाऊन बसणं अवघड होतं, त्यामुळे ही सोय महत्त्वाची होती. महाराणी चिमणाबाईंचं कामही याच दिशेने चाललं होतं. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये आलं आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

पेटी आली, पेटी

खरी अडचण होती खेड्यांची. बडोदा संस्थान म्हणजे नकाशावरचा एक सलग तुकडा नव्हता. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत आणि तेही विखुरलेले. मध्ये ब्रिटिश मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थानं. अशा ठिकाणी प्रत्येक गावात ग्रंथालय कसं काढणार?

यावर उपाय निघाला फिरत्या ग्रंथालयाचा. मजबूत पेटीत निवडक पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि पेटी गावाला पाठवून द्यायची. गावात एक जबाबदार माणूस, बऱ्याचदा शाळेतला मास्तर, ती ताब्यात घ्यायचा आणि लोकांना पुस्तकं वाटायचा. वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी पेटी हजर. पाठवण्याचा खर्च सरकारचा.

ज्या गावाला कायमचं वाचनालय हवं असेल त्याच्यासाठी वेगळी योजना होती. खर्चाचे तीन हिस्से करायचे. एक हिस्सा गावाने वर्गणीतून उभा करायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा आणि एक सरकारने. म्हणजे गावाने १०० रुपये जमवले की पंचायतीचे १०० आणि सरकारचे १०० त्यात पडणार. वाचनालयाच्या इमारतीसाठीही हाच हिशेब.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा राजा, सगळेच पैसे का नाही दिले? तर मुद्दा असा की सगळं फुकट आलं असतं तर ते सरकारचं राहिलं असतं. पदरचे पैसे घातले की गाव हिशेब विचारतं, पुस्तकं फाटली तर भांडतं, कुलूप लागलं तर ओरडतं. योजना चालली ती या हिशेबामुळे.

आणि ती चालली ती माणसांमुळेही. ग्रामीण भागाचं काम बघायचे मोतीभाई अमीन. हे मूळचे शिक्षक. महाराजांचं खातं सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मित्रमंडळ नावाने गावांमध्ये वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. गुजरातमध्ये आजही त्यांचं नाव ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून घेतलं जातं. बॉर्डन गेल्यावर खात्याची सूत्रं ज. स. कुडाळकर या मराठी माणसाकडे आली आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांच्याकडे. साहेब परत गेला म्हणून काम थांबलं नाही. १९२० चं दशक संपेपर्यंत शेकडो गावांत वाचनालयं उभी राहिली होती.

पण वाचायला मराठी आणि गुजराती पुस्तकं तरी पुरेशी कुठे होती? सामान्य माणसाला समजतील अशी विज्ञानाची, आरोग्याची, इतिहासाची पुस्तकं देशी भाषांत फार कमी होती. मग महाराजांनी तीही लिहून घ्यायला सुरुवात केली. सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठीची सयाजी बालज्ञानमाला या मालिकांमधून दोन्ही भाषांत पुस्तकं निघत राहिली.

वाचता येत नाही? मग बघा तरी

या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग अजून यायचाय.

पुस्तकं गावात पोहोचली. पण दहातल्या नऊ जणांना वाचताच येत नव्हतं. त्यांना ग्रंथालयाचा काय उपयोग?

१९१२ मध्ये ग्रंथालय खात्याची एक नवी शाखा सुरू झाली. काम होतं चित्रांच्या मदतीने लोकांना शिकवण्याचं. या शाखेकडे मॅजिक लँटर्न होते, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र. डोळ्यांना लावलं की फोटो खोल, खराखुरा दिसावा अशी उपकरणं होती. आणि सिनेमाचा प्रोजेक्टरही होता.

हे सगळं घेऊन माणसं शहरांत आणि खेड्यांत जायची आणि लोकांना फुकट खेळ दाखवायची. विषय मनोरंजनाचे कमी आणि माहितीचे जास्त. आरोग्य, शेती, दूरदेशची शहरं, तिथली कामधंद्याची रीत.

फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला मे १९१३ मध्ये. म्हणजे भारतीय सिनेमाचा जन्म होण्याआधीच बडोद्याचं ग्रंथालय खातं सिनेमाकडे शिक्षणाचं साधन म्हणून बघत होतं. ग्रंथालय म्हणजे फक्त पुस्तकांची खोली नाही, ज्याला जशी माहिती घेता येईल तशी ती देण्याची ती जागा आहे, हा विचार त्यामागे होता. आज वाचनालयांत होणारी व्याख्यानं, माहितीपट, प्रदर्शनं यांच्यामागेही हाच विचार असतो.

जिथे महाराजांचा हुकूम पोहोचला नाही

इथवर वाचून असं वाटेल की बडोद्यात रामराज्य होतं. तसं नव्हतं. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अट होती, परत येऊन संस्थानात नोकरी करायची. ती पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्यात आले. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला अख्ख्या शहरात राहायला खोली मिळेना, कारण जात. शेवटी एका पारशी धर्मशाळेत वेगळ्या नावाने ते राहिले. काही दिवसांतच हे बाहेर फुटलं. लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना त्याच दिवशी खोली सोडायला लावली. संस्थानाकडूनही राहण्याची सोय वेळेत झाली नाही. मित्रांनीही घरात घेतलं नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तोवर ते कमाठी बागेत बसून राहिले.

ही कमाठी बाग म्हणजे आजची सयाजी बाग. सयाजीरावांच्या काळातच लोकांसाठी उभारलेली. त्याच शहरात, सगळ्यांना खुलं असलेलं मध्यवर्ती ग्रंथालय तेव्हा सुरू होऊन काही वर्षं झाली होती.

म्हणजे महाराज बाग सगळ्यांसाठी खुली करू शकले, ग्रंथालयाचं दार सगळ्यांसाठी उघडू शकले, एका हुशार मुलाला समुद्रापार पाठवू शकले. पण तो मुलगा शिकून परत आला तेव्हा शेजारी राहायला जागा द्यायला शहर तयार नव्हतं. पुस्तकं वाटली, सिनेमे दाखवले म्हणून माणसं लगेच बदलत नाहीत, हे बडोद्याच्या गोष्टीतलं सगळ्यात कडू सत्य आहे. महाराजांचं कौतुक करताना ही बाजू गाळून चालत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी. जमाव लाठ्या घेऊन आला, त्यात शाळेचं वय उलटून गेलेलीच माणसं होती. त्यांच्यापर्यंत पोहोचायला शाळा उपयोगाची नव्हती. मोठ्या माणसांच्या शिक्षणाची गरज किती खरी होती, हे त्या दिवशी बडोद्याने स्वतःच दाखवून दिलं.

महाराज गेले, ग्रंथालय राहिलं

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. अधिकार हातात आल्यापासून ५७ वर्षं त्यांनी राज्य केलं होतं. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये हा सगळा भाग गुजरातमध्ये गेला. राजा गेला, संस्थान गेलं, दिवाण आणि दरबार गेला.

मध्यवर्ती ग्रंथालय मात्र गेलं नाही. १९३१ मध्ये त्याला मांडवी परिसरात स्वतःची नवी इमारत मिळाली होती. आत लोखंडी रॅकचे मजल्यावर मजले आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत यावा. ते ग्रंथालय आजही आहे. संस्कृत हस्तलिखितांचा विभाग १९२७ मध्ये वेगळा होऊन त्याची प्राच्यविद्या संस्था झाली. पुढे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेने काढली.

महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आपल्या गावातलं वाचनालय बहुतेक करून एखादी स्थानिक संस्था चालवते, लोक वर्गणी देतात आणि सरकार अनुदान देतं. गाव आणि सरकार यांनी मिळून भार उचलायचा, हीच कल्पना बडोद्याच्या तीन हिश्श्यांतही होती.

म्हणून पुढच्या वेळी गावातल्या वाचनालयासमोरून जाल तेव्हा आत डोकावून बघा. तिथे किती जण बसलेत, त्यात बायका किती, शाळा सोडलेली पोरं किती, हे मोजा. सयाजीरावांच्या खात्याने हेच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारले होते. आणि तुमच्या वाचनालयाला कुलूप दिसलं, तर ते का लागलं हे विचारायचा हक्क तुम्हालाही आहे. फक्त आपल्या वाट्याचा एक हिस्सा आपण दिलाय का, तेवढं आधी बघून घ्या.